तोफगोळ्याच्या पुंगळीचे ठसे वाचायला भिंग सुचवा (इंदूर)

अमृता_रामबाग: आजोबांनी महूहून आणलेली पितळी पुंगळी घरी आहे, त्यात मोरपिसं ठेवतो. बुडावर १८ पीआर, II, १९१६, सीएफ आणि बाण आहे. मधोमध गोल चकती, तिला खळगा. ५०० रुपयांपर्यंत चांगलं भिंग सुचवा. चकती काढता येईल का?

पलासिया_सुदाम: मी ३,२०० चं डिजिटल मायक्रोस्कोप घेतलं. नाण्यांसाठीही कामी येतं. तेच घ्या.

महूवाला: अमृताताई, आधी चकतीचं. तो प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा भाग. खळगा म्हणजे पिन आदळली, बार उडालाच असं नाही. पाना, ड्रिल, गॅस काहीही लावू नका. पुंगळीत दारू किंवा तोंडाशी गोळा असता तर हलवूही नका, पोलिसांना कळवा म्हटलं असतं.
आता ठसे. १८ पीआर म्हणजे १८ पौंडी तोफ, II हा पुंगळीचा मार्क, म्हणजे आवृत्ती. सीएफ म्हणजे कॉर्डाइट (तोफेची दारू), फुल चार्ज (पूर्ण भरणा). बाण ब्रिटिश सरकारी मालाचा. १९१६ हे पुंगळी घडवल्याचं साल, डागल्याचं नव्हे. वापरलेल्या पुंगळ्या दुरुस्त करून पुन्हा भरत, म्हणून बुडावर ठशांची गर्दी दिसते.

विजयनगर_पाटणकर: माझ्याकडची पंचवीस पौंडी आहे, पाहुणे आधी तीच बघतात. ताई, तुमचीही तीच असणार.

महूवाला: पाटणकर, बुडावर १८ लिहिलंय ना! अठरा पौंडीची नळी आतून ८४ मिमी रुंद, पंचवीस पौंडीची जवळपास ८८.

सुमनमावशी: चिंच-मीठ लावून घासा, सोन्यासारखी होईल.

पलासिया_सुदाम: मायक्रोस्कोपची लिंक देऊ का?

जुनी_इंदूर: मावशी, घासू नका हो. माझ्या आईने दर दिवाळीला घासून घासून आमच्या पुंगळीचं साल पुसून टाकलं, अजून हळहळ वाटते. अमोनियाचा क्लीनरही नको. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानात तबेल्यात ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कारण १९२१ मध्ये सिद्ध झालं: घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण.

महूवाला: प्रायमरला हात नको, पुन्हा सांगतो. महूच्या इन्फंट्री म्युझियममध्ये फोटो दाखवा.

अमृता_रामबाग: सगळ्यांचे आभार. भिंग नाही घेतलं, मायक्रोस्कोपही नाही. रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च बुडाला आडवा धरला, तर बाणाशेजारी खोडलेलं दुसरं सीएफ दिसलं! म्हणजे ही दोनदा भरली असावी. आजोबांना हे माहीत होतं का, कुणाला विचारू? घासणार नाही, म्युझियमलाही नेणार नाही. मोरपिसं पुन्हा ठेवली.