शब्दचर्चा : साउइन, पेगन, ड्रुइड

वाचनवेडी :
आयर्लंडच्या जुन्या कथा कुमारवयीन मुलांसाठी मराठीत आणते आहे. दोन शब्दांपाशी आठवडाभर अडले आहे. पहिला म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होणाऱ्या सणाचे नाव. Samhain या स्पेलिंगवरून मी 'सॅमहेन' लिहिले होते. मराठीत शोधल्यावर दोन ठिकाणी 'सॅमहेन हा केल्ट लोकांचा मृत्युदेव' असा खुलासा सापडला (केल्ट म्हणजे आयर्लंड, ब्रिटन, फ्रान्स इथले प्राचीन लोक), पण माझ्यासमोरच्या कथेत तो देव म्हणून कुठेच येत नाही. दुसरा शब्द 'पेगन'. मूर्तिपूजक, काफर, पाखंडी असे पर्याय मिळाले, पण मुलांच्या पुस्तकात यातला एकही लिहायला मन घेत नाही. जाणकारांनी मदत करावी.

डब्लिनकर :
ताई, उच्चाराचे मी सांगतो. 'साउइन' लिहा. पटकन बोलताना 'साउन' असेच ऐकू येते, मधला म अजिबात उच्चारत नाहीत. आणि मृत्युदेवाचे म्हणाल, तर इथे नोव्हेंबर महिन्याचे हे रोजच्या वापरातले नाव आहे. 'मी ना साउना', म्हणजे साउइनचा महिना. माझी मुलगी शाळेत आयरिश शिकते, तिच्या वहीत तारखेच्या ओळीत हेच असते. उद्या कोणी आपल्या श्रावणाला पावसाचा देव ठरवले तर कसे वाटेल? हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्रीला 'ईहा हाउना' म्हणतात. त्या दिवशी घरोघरी बार्मब्रॅक कापतात. हा मनुका घातलेला गोडसर पाव असतो आणि त्यात एक अंगठी दडवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याचे वर्षभरात लग्न, असे म्हणतात. गेल्या वर्षी ती मुलीला मिळाली आणि नऊ वर्षांची पोर रात्रभर मूठ घट्ट मिटून झोपली.

भाषाभ्रमंती :
स्पेलिंगमधला म गेला कुठे, हे मराठी माणसाला समजायला अवघड नाही. ग्रामचे गाव झाले, नामचे नाव झाले. दोन स्वरांमधला म सैल पडून व झाला. जुन्या लिखाणात आपण 'गांव', 'नांव' असा अनुस्वार देत होतो, तो त्या गेलेल्या म-ची खूण. आयरिशमध्येही हेच झाले. आधी म, मग नाकातला व, मग नुसता 'उ'. लिहिताना म-पुढे ह काढायचा तो म सैल झाला हे दाखवायला. 'सॅम-हेन' असे काही वाचायचे नसते. नीव्ह (Niamh) या मुलीच्या नावातही असाच एक म लपलेला आहे.

मृत्युदेवाची कथा बरीच अलीकडची आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चार्ल्स व्हॅलेन्सी नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी आयर्लंडमध्ये मोजणीचे काम करत होता. आयरिश भाषेचे मूळ फिनिशियन लोकांत आहे असे त्याने मनाशी धरले, आणि साउइन हे एका देवाचे नाव असल्याचे लिहून टाकले. पुढच्यांनी त्याचेच उतारे उचलले. जुन्या आयरिश कथांत साउइन म्हणजे वर्षातली एक वेळ. गुरे कुरणांवरून खाली आणायची, राजाने सभा भरवायची, मेजवान्या घालायच्या, आणि टेकड्यांच्या पोटातले दुसरे जग त्या रात्री उघडायचे.

हा शब्द किती जुना आहे ते एका वस्तूवरून कळते. १८९७ साली फ्रान्समधल्या कोलिन्यी गावाजवळ काशाच्या एका मोठ्या पत्र्याचे तुकडे सापडले. साधारण दुसऱ्या शतकातले हे पंचांग, अक्षरे रोमन, भाषा गॉलिश, म्हणजे तिथल्या केल्ट लोकांची. प्रत्येक दिवसाच्या ओळीपाशी एक बारीक भोक आहे. रोज एक खुंटी काढून पुढच्या भोकात खोचायची, की आजचा दिवस कळला. महिना कुठे ३० दिवसांचा, कुठे २९ चा, आणि पंधरा दिवसांनंतर मध्ये एक शब्द कोरून त्याचे दोन भाग केलेले. त्यातल्या एका महिन्याचे नाव 'सामोनिओस', आणि त्यात एके ठिकाणी 'त्रिनॉक्स सामोनी' असे कोरले आहे. सामोनिओसच्या तीन रात्री. त्रि तर आपलाच, आणि नॉक्स म्हणजे आपले 'नक्त'. दिवसभर उपास करून रात्री जेवणारे आजही 'नक्त करतो' म्हणतात. हे नाते खरे आहे, दोन्ही भाषा एकाच दूरच्या मुळातून आल्या म्हणून.

आता सावध राहायची जागा. हे पंचांग पाच वर्षांचे आहे, त्यात ६२ महिने आणि त्यातले दोन अधिक. वेदांगज्योतिषातले युगही पाच वर्षांचे, ६२ चांद्रमासांचे, दोन अधिक मासांचे. हे वाचून मी स्वतः खुर्चीतून उठलो होतो. पण यावरून कोणी कोणाकडून उचलले असे ठरत नाही. चंद्र आणि सूर्य दोन्हीकडे तेच होते. दोघांचा मेळ घालायला बसणाऱ्याला हा आकडा सापडू शकतो.

जिज्ञासू :
मग ड्रुइड, म्हणजे केल्ट लोकांचे पुरोहित, हे द्रविडच, असे जे फिरत असते, तेही तसेच का?

भाषाभ्रमंती :
ते तर साफ चुकीचे. द्रविड हा शब्द तमिळ, दमिळ, द्रमिड या मालिकेतला. ड्रुइड जुन्या केल्टिक 'द्रु-विद्' पासून आला. त्यातला विद् म्हणजे जाणणे, आपल्या वेद आणि विद्वान यांचा सख्खा भाऊ. द्रु म्हणजे झाड, बहुधा ओक, किंवा मग 'पक्का, खंबीर'. संस्कृतात द्रु आणि द्रुम आहेतच. म्हणजे ज्या शब्दाचे आपल्याशी खरे नाते आहे ते सोडून लोक खोट्या नात्याच्या मागे लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आयर्लंडमधल्या बॉइन नदीचेही तेच. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने दुसऱ्या शतकात तिचे नाव 'बुविंदा' असे नोंदवले. त्यातला 'बु' म्हणजे गो, हे बरोबर. पण विंदा म्हणजे पांढरी. नदी पांढऱ्या गाईसारखी. तिचा गोविंद करू नये.

आणि इंग्लंडमधले स्टोनहेंज ड्रुइडांनी बांधले असे अनुवादात कुठे येत असेल तर तळटीप द्या. ते मोठे दगड उभे राहिले तेव्हापासून ड्रुइडांचा पहिला उल्लेख येईपर्यंत दोन हजारांहून अधिक वर्षे गेली होती.

गावकूस :
पेगनबद्दल मला बोलायचे आहे. लॅटिनमध्ये 'पागुस' म्हणजे खेड्यांचा मुलूख, आणि 'पागानुस' म्हणजे तिथला रहिवासी. रोमन सैनिक बिगरसैनिकाला हाच शब्द हेटाळणीने वापरत. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांनी तो जुन्या देवांना मानणाऱ्यांसाठी घेतला. खेड्यावरून की सैनिकांच्या बोलीवरून, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण हिणवण्याची छटा दोन्हीकडे आहे, आणि आपण ती ओळखतो. ग्रामवरून 'ग्राम्य' झाला आणि त्याचा अर्थ असभ्य ठरला. गावावरून 'गावंढळ' झाला. 'पाखंडी'चेही बघा. अशोकाच्या गिरनारच्या लेखात 'सर्व पासंडांचा' मान राखावा असे आहे, तिथे पासंड म्हणजे नुसता पंथ. पुढे त्याची शिवी झाली. 'मी पेगन आहे' असे त्या काळी कोणी स्वतःहून म्हणत नव्हते. ते नाव दुसऱ्यांनी चिकटवले.

म्हणून 'मूर्तिपूजक' तर नकोच. केल्ट लोकांच्या बाबतीत ते नीट बसत नाही. इ.स.पू. २७९ मध्ये गॉल या केल्ट टोळ्या ग्रीसमध्ये घुसल्या. त्यांचा पुढारी ब्रेन्नोस देवळात शिरला, तिथल्या दगडी आणि लाकडी मूर्ती पाहून हसला, की हे लोक देवाला माणसाचे रूप आहे असे समजतात, असे ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो. त्यांची बरीच पूजा पाण्याच्या काठी आणि राईत चाले. वेल्समधल्या अँगलसी बेटावर दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी दलदल उपसताना लोखंडाची एक साखळी वर आली. कामगारांनी ती ट्रॅक्टरला बांधून चिखलात रुतलेल्या लॉऱ्या ओढल्या. मागाहून कळले, की ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कैद्यांच्या गळ्यात घालायची साखळी होती आणि तलवारी, रथाचे सुटे भाग यांच्याबरोबर तळ्याला अर्पण केलेली होती.

वाचनवेडी :
मग 'निसर्गपूजक' लिहू का? बऱ्याच ठिकाणी दिसतो.

गावकूस :
नको ताई. ऐकायला गोड आहे, पण अपुरा आहे. गॉल लोक सर्वांत जास्त कोणाला मानतात हे सीझरने लिहून ठेवले आहे : सगळ्या कलाकसबांचा जनक असलेल्या देवाला. प्रवासाचा आणि व्यापाराचाही तोच. सोनार, लोहार, कवी यांचा देव निसर्गात कुठे बसवायचा? माझे मत असे : कथेत 'जुन्या देवांना मानणारे' लिहा, किंवा त्या त्या लोकांचे नाव घ्या. विसाव्या शतकात ज्यांनी स्वतःहून 'आम्ही पेगन' म्हणायला सुरुवात केली, त्यांच्यासाठी मात्र 'पेगन' हाच शब्द ठेवावा. ते त्यांनी स्वतः निवडलेले नाव आहे. फक्त त्यांचे आठ सणांचे वर्षचक्र विसाव्या शतकाच्या मध्यात जुळवलेले आहे, ते प्राचीन आयर्लंडच्या तोंडी घालू नये.

भाषाभ्रमंती :
सहमत. एक भर. केल्ट मराठीत परके नाहीत. ज्या टोळ्या ग्रीसवरच्या त्या स्वारीच्या सुमारास आशिया मायनरमध्ये शिरल्या आणि आजच्या अंकाराच्या आसपास वसल्या, त्यांचे वंशज म्हणजे मराठी बायबलातले 'गलतीकर'. वसईच्या ख्रिस्ती वाचकाने हा शब्द लहानपणापासून ऐकलेला असतो.

वाचनवेडी :
फार उपयोग झाला. पहिले वाक्य असे केले आहे : 'साउइनच्या रात्री आयलिल आणि मेव्ह क्रूअखनच्या वाड्यात बसले होते.' पुढे कथेचा नायक नेरा टेकडीच्या आतल्या जगात जातो, आणि खरेच जाऊन आलो हे पटवायला भर थंडीत उन्हाळ्यातली फुले घेऊन येतो. तिथे वेळेला फार महत्त्व आहे, म्हणून तळटीपेत 'साउइन : नोव्हेंबरच्या आरंभीचा सण, हिवाळ्याची सुरुवात' एवढेच देते आहे. 'मृत्युदेव' खोडला. एकच राहिले. साउइन आला, की आली?

डब्लिनकर :
आयरिशमध्ये स्त्रीलिंगी आहे. आपल्याकडे दिवाळी येते, तशी साउइन येऊ द्या.