पहिलं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान: तयार घ्यावं की फोमबोर्डचं बनवावं?

डायहेड्रल: बजेट दहा हजार असलं की दुकानदार ४०-५० सेंमी पंखांचं, जायरोवालं (आपोआप तोल सांभाळणारं) तयार विमान पुढे करतो. माझ्या मते ते घेऊ नये. निम्मे पैसे रिमोटवर घाला. फ्लायस्काय एफएस-आय६ रिसीव्हरसकट साधारण पाच हजारांत पडतो आणि पुढची सगळी विमानं त्यावरच उडतात. उरलेल्यात ए२२१२ १०००केव्ही मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो म्हणजे शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी (तिसरा जास्तीचा), १०४५ प्रोपेलर, ३एस २२०० लाइपो (तीन सेलची बॅटरी) आणि बी३ चार्जर बसतो. ५ मिमी फोमबोर्डचा एक मीटर पंख करा आणि प्रत्येक टोक ५ सेंमी वर उचला, म्हणजे एलेरॉनची (पंखावरच्या हलत्या पट्ट्यांची) गरज नाही. रडर (शेपटीची उभी पट्टी), एलेव्हेटर (आडवी पट्टी), थ्रॉटल (मोटरचा वेग) एवढ्यावर शिकता येतं.

घारीचा_फेरा: कागदावर छान आहे हो. पण नवख्याचं घरी केलेलं विमान पहिल्याच फेकीत डावीकडे वळून नाक खुपसतं, तेव्हा चूक हाताची की बांधणीची, हे त्याला कळणार कसं? पंख पिळलेला असेल, सीजी (तोलाचा बिंदू) मागे असेल किंवा मोटर सरळच बसवली असेल. एकाच वेळी बांधायला आणि उडवायला शिकवणं म्हणजे दोन्ही अर्धवट. तयार विमान कारखान्यातून ट्रिम होऊन (सरळ उडेल असं जुळवून) येतं, जायरो पंख सरळ ठेवतो आणि शिकणारा फक्त दिशा आणि उंची सांभाळतो. शिवाय वजन २५० ग्रॅमच्या आत, म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नॅनो, सगळ्यात हलका वर्ग.

डायहेड्रल: बांधणीच्या चुका मोजक्या आहेत आणि त्या जमिनीवरच पकडता येतात. सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा. पंख २० सेंमी रुंद असेल तर ५ ते ६ सेंमी. दोन बोटांवर विमान तोला. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, नाकात वजन कोंबायचं ते अगदी शेवटी. मोटर २-३ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे झुकवा, नाहीतर पूर्ण थ्रॉटलला विमान वर उसळतं आणि डावीकडे ओढतं. मागून बघून पंखांचा पीळ तपासा. मग थ्रॉटल बंद ठेवून, वाऱ्याच्या तोंडावर, गवतात सपाट फेक करा. सरळ तरंगत उतरलं तर बांधणी ठीक. नाक वर करून थांबलं आणि पडलं तर सीजी मागे आहे.

आणि जायरोचं कौतुक करताना हेही सांगा की सीजी मागे असला तरी तो झाकून नेतो. जायरो बंद केला की तेच विमान आवरत नाही.

घारीचा_फेरा: म्हणून तर जायरोचे टप्पे असतात. आधी पूर्ण मदत, मग अर्धी, मग बंद. पहिल्याच दिवशी बंद करायला कोण सांगतंय?

वारा_पश्चिमेचा: दोघांनी वाऱ्याचा विषय सोडलाय. शंभरेक ग्रॅमचं विमान ताशी १२-१५ किमी वाऱ्यात फारसं पुढे सरकत नाही. कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की ते खिशातच बरं. सातशे ग्रॅमचं फोमबोर्डचं त्याच वाऱ्यात चालतं, पण त्याला क्रिकेटच्या मैदानाएवढी मोकळी जागा हवी. शहरात सोसायटीच्या मागे उडवणार असाल तर दोन्ही नकोत. नॅनो असो वा मोठं, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर लाल भाग असेल तर तिथे विमान न्यायचंच नाही.

छोट्या तयार विमानांचा दुसरा त्रास म्हणजे ब्रशवाली मोटर. ती झिजते, आणि मॉडेल बाजारातून गेलं की सुटे भाग बंद. त्याचा रिमोट दुसऱ्या विमानाला बहुधा जुळतही नाही.

घारीचा_फेरा: रिमोटचा मुद्दा मान्य. पण ए२२१२ चा दांडा एका नाकावरच्या आपटीत वाकतो, तो कोण बदलणार?

डायहेड्रल: प्रोपेलर घट्ट नटाने बसवला तर वाकणारच. रबरी रिंगवाला प्रॉप सेव्हर लावा, आपटल्यावर पातं बाजूला होतं. किंवा मोटर पंखाच्या मागे वर बसवा, तिथे नाक आपटलं तरी मोटर वाचते.

फेविक्विक_नको: बांधणार असाल तर साइनबोर्डवाल्याकडचा पीव्हीसी सनबोर्ड आणू नका, फार जड. दोन्ही बाजूंना कागद असलेला फोमबोर्ड घ्या. कागद निघालेल्या जागी साधा फेविक्विक फोम विरघळवतो आणि हॉट ग्लू जास्त तापला तर भोक पाडतो. बी३ वर २२०० ची बॅटरी भरायला अडीच-तीन तास लागतात, पण ती लावून झोपायचं नाही. उडताना सेल ३.५ व्होल्टला आला की विमान उतरवा.

एफएस-आय६ वर फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटला तर काय व्हावं, ती सोय) स्वतः लावावा लागतो: थ्रॉटल शून्य. तपासायला प्रोपेलर काढून, मोटर चालू असताना रिमोट बंद करा. मोटर थांबली तरच मैदानावर चला.

घारीचा_फेरा: हे सगळं वाचून नवखा माणूस तयार विमानच घेईल, बघा.

डायहेड्रल: घेऊ दे. फक्त रिमोट वेगळा वापरता येईल असं घे म्हणा.