दोऱ्याचे पदर सुटतात, केबलमध्ये टाके वाढतात: क्रोशात पुढचं शिकताना

टाकासुई (सोलापूर)

नमस्कार. साखळी, सिंगल क्रोशे, खांब, जाळीचे रुमाल, तोरणं एवढं व्यवस्थित येतं. आता केबल (खांब एकमेकांवरून नेऊन उठणारे पेड), बुलियन (सुईवर बरेच वेढे घेऊन केलेला टाका) आणि ट्युनिशियन (ओळीचे सगळे टाके सुईवर घेऊन परत येताना सोडायची पद्धत) शिकायचंय, आणि जमलं तर आपल्या सोलापुरी चादरीसारखी दुरंगी नक्षी क्रोशात उतरवायची आहे. पहिलं काम ४० × ४० सेंमी उशीचा अभ्रा, समोरच्या बाजूला उभ्या केबल.

सूत इथलंच कोनवरचं, २/२०, चार पदर एकत्र धरून २ मिमी सुईवर. अडचणी अशा:

सुई पदरांच्या मधून जाते, एखादा पदर मागे राहतो. केबलच्या ओळीनंतर टाके वाढतात, २० चे २८ झाले. केबल घातली की तुकडा आकसतो, मग किती साखळ्या घालायच्या ते कळत नाही. बुलियनमध्ये सुई वेढ्यांतून बाहेरच येत नाही. ट्युनिशियनचा तुकडा सुरळीसारखा वळतो.

यातलं आधी काय सुधारू?

कोनवाली

आधी सूत, ताई. अवघड टाके सुटलेल्या पदरांवर शिकायला घेतले तर चूक हाताची की दोऱ्याची, हेच कळत नाही.

काउंट म्हणजे सुताच्या जाडीचा आकडा, जितका मोठा तितकं सूत बारीक. २/२० म्हणजे २० काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणून जाडीला १० काउंट धरा. त्याचं १०० ग्रॅम सूत साधारण १६९० मीटर भरतं. किती पदर घ्यायचे ते यावरून ठरवता येतं. तीन पदर केले तर १०० ग्रॅमला सुमारे ५६० मीटर, हे रुमाल-लेससाठी, १.५ ते १.७५ मिमी सुई. पाच पदर केले तर सुमारे ३४० मीटर, २.५ मिमी सुई. अभ्र्याच्या केबलला हे पाच पदरी बरोबर. सात-आठ पदरी केलं तर ३.५ मिमीचं काम होतं, पण उन्हाळ्यात त्यावर डोकं टेकवणार कोण.

नुसते पदर शेजारी धरून केबल करू नका. केबलमध्ये सुई टाक्याच्या माथ्यात जात नाही, खांबाच्या अंगाभोवती फिरते, तिथे सुटा पदर हमखास अडकतो. पाच पदर आधी एकाच ताणाने गुंडाळा (एक पदर सैल राहिला तर पुढे त्याचेच फुगे येतात) आणि मग पीळ द्या. डबलिंग-ट्विस्टिंग (यंत्रावर पदर जोडून पिळायचं काम) करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून, नाहीतर टकळीवर. २/२० चे दोन धागे ज्या दिशेने पिळलेत त्याच्या उलट दिशेने पीळ द्यायचा, म्हणजे तो टिकतो. पीळ तपासायला मीटरभर दोरा घेऊन दोन्ही टोकं जवळ आणा आणि मधला भाग लोंबू द्या. एक-दोन वळसे पडले तर ठीक. भराभर गुंडाळला गेला तर पीळ जास्त आहे, विणलेला तुकडा तिरका जाईल.

सूत मागताना खळ न लावलेलं मागा. मागावरच्या ताण्यासाठी (उभ्या धाग्यांसाठी) खळ दिलेलं सूत सुईवर करकरतं आणि धुतल्यावर एकदम लुळं पडतं. टॉवेलच्या पाइलचं (वर उठलेल्या फासांचं) सूतही घेऊ नका. ते मुद्दाम कमी पिळाचं असतं, उसवून परत विणलं की त्याचे तंतू सुटतात.

कोरं सूत असेल तर लडी करून चार ठिकाणी सैल बांधा आणि १०० ग्रॅमला ३ लिटर पाणी, एक चमचा धुण्याचा सोडा घालून तासभर मंद उकळा. कोऱ्या सुताचा मेणकटपणा जातो आणि आटायचं तेही बरंचसं आधीच आटतं. रंगीत सूत उकळू नका. ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून त्यावरून गरम इस्त्री फिरवा. फडक्याला रंग लागला तर ते सूत पांढऱ्याशेजारी नको.

गड्ड्यावरची

सुताचं वर आलंच आहे, मी केबलचं सांगते.

२० चे २८ झाले, म्हणजे आठ टाके जास्त. तुमच्या तुकड्यात चार-चार खांबांच्या दोन केबल असणार. पुढून घेतलेला प्रत्येक खांब खालच्या ओळीतल्या टाक्याभोवती जातो, पण जागा आत्ताच्या ओळीतली खातो. म्हणून त्याच्या मागे दडलेला टाका सोडायचाच. तो सोडला नाही की दर खांबामागे एक टाका वाढतो.

नमुना असा करून बघा. इथे खांब म्हणजे सुईवर एक वेढा, दुहेरी खांब म्हणजे दोन वेढे. पॅटर्न वाचताना वेढ्यांवरूनच ओळखा, कारण अमेरिकी डबल आणि ब्रिटिश ट्रेबल हा एकच टाका आहे.

२१ साखळ्या, दुसऱ्या साखळीपासून २० सिंगल क्रोशे. ही १ली ओळ, सुलट बाजू. २री ओळ २० सिंगल. ३ऱ्या ओळीत ३ सिंगल, मग १ल्या ओळीतल्या पुढच्या ४ टाक्यांच्या अंगाभोवती पुढून ४ खांब (मागचे ४ टाके सोडा), ६ सिंगल, पुन्हा पुढून ४ खांब, ३ सिंगल. ४थी ओळ पूर्ण सिंगल, मोजून २०. ५व्या ओळीत पेड पडतो. ३ सिंगल झाले की पहिले दोन खांब सोडून तिसऱ्या-चौथ्याभोवती पुढून दुहेरी खांब घ्या, मग सुई मागे आणून, आत्ताच्या खांबांच्या पुढून, सोडलेल्या पहिल्या-दुसऱ्याभोवती दुहेरी खांब. ६ सिंगल, दुसरी केबल तशीच, ३ सिंगल. ६वी सिंगल. ७वीत साधे खांब, जसे दिसतात त्या क्रमाने. ८वी सिंगल. पेड पुन्हा ९व्या, १३व्या ओळीत.

सोडलेले खांब पुढून घेतले तर पेड डावीकडे झुकतो, मागून घेतले तर उजवीकडे. अभ्र्यावर काही केबल एकीकडे आणि काही दुसरीकडे वळवल्या तर फार देखणं दिसतं. डावखुऱ्यांनी हे उलट धरावं.

पेडाच्या ओळीत दुहेरी खांबाऐवजी साधा खांब घेतला तर दोरा तिरका पोहोचत नाही, कापड चुण्या खातं. उलट सरळ ओळीतही दुहेरी घेतला तर केबल लोंबते.

आकसण्याचा हिशेब साध्या तुकड्यावर करूच नका, केबलच्याच तुकड्यावर करा, आणि तोही धुऊन, ताणून वाळवल्यावर. समजा हे २० टाके ८.५ सेंमी भरले. अभ्रा उशीपेक्षा थोडा लहान हवा, म्हणजे बसतो घट्ट. ३८ सेंमी धरा. ३८ भागिले ८.५ गुणिले २० म्हणजे ८९ च्या थोडं वर, तर ९० टाके. दहाचा पट आला, म्हणजे ९ केबल, मध्ये ८ वेळा ६ सिंगल, दोन्ही कडांना ३-३. साखळ्या ९१.

सूत किती लागेल तेही इथेच कळतं. ८.५ सेंमीचा चौरस तुकडा ७ ग्रॅम भरला, तर ३८ सेंमीच्या चौरसाला त्याच्या वीसपट, १४० ग्रॅम. वर १५-२० ग्रॅम ठेवा, आणि सगळं एकदमच पिळून घ्या. नंतर पिळलेल्या सुताचा पीळ वेगळा पडतो आणि ते कापडात पट्ट्यासारखं उठून दिसतं.

सूतगुंडी

बुलियन: तुमचे वेढे सुईच्या बारीक मानेवर पडत असणार. मानेवरचा वेढा लहान, डोकं मोठं, मग ते बाहेर कसं येईल? वेढे मानेच्या मागे, सुईच्या पूर्ण जाडीवर घ्या आणि डाव्या अंगठ्याने धरून ठेवा. या टाक्यापुरती सुई अर्धा मिमी मोठी घ्या. दोरा खेचून घेतल्यावर सुईचं तोंड खाली वळवा, वेढ्यांना चिकटवून न ओढता सरळ सरकवा, शेवटी एक साखळी घालून टाका बांधा. सुती दोरा ताणला जात नाही, म्हणून ५ वेढ्यांवर हात बसवा, मग ७, मग १०. अंगठ्याच्या टेकूपाशी चपट्या होणाऱ्या सुईवर १० वेढे मावत नाहीत, मधे चपटा भाग नसलेली सुई बघा. एप्रिल-मेमध्ये घामाच्या हाताने वेढे सुईला चिकटतात, शेजारी कोरडं फडकं ठेवा.

ट्युनिशियन: साध्या टाक्यात कापडाची पाठ पोटापेक्षा दाट होते, म्हणून ते वळतंच. नेहमीपेक्षा १ ते २ मिमी मोठी सुई, पहिली ओळ साखळीच्या पाठीवरच्या गाठीतून, आणि खालच्या दोन-तीन ओळी उलट टाक्याच्या. परतीच्या ओळीत दोरा आवळू नका, बहुतेक वळण तिथूनच येतं. ओळीतला शेवटचा टाका दोन्ही धाग्यांखालून उचला, नाहीतर डावी कड लोंबते. राहिलेलं वळण ओलं करून न गंजणाऱ्या टाचण्या लावून, सावलीत वाळवलं की जातं.

कोनवाली

चादरीच्या नक्षीचं राहिलं. त्यासाठी ओव्हरले मोझॅक पद्धत घ्या, दोन रंग आणि प्रत्येक ओळ एकाच रंगाची. दरवेळी सुलट बाजूनेच, उजव्या कडेपासून सुरुवात, ओळ संपली की दोरा कापायचा. सिंगल क्रोशे फक्त मागच्या फासात. नक्षीच्या जागी खांब, तो दोन ओळी खाली, त्याच रंगाच्या टाक्याच्या पुढच्या फासात, आणि मागचा टाका सोडायचा. केबलचाच नियम.

चादरीचा आलेख जसाच्या तसा उतरणार नाही. ज्या चौकोनात खांब आला त्याच्या लगेच वरच्या चौकोनात खांब घेता येत नाही, कारण खालचा फास त्या पहिल्या खांबामागे झाकला गेलेला असतो. आलेख कागदावर काढून असे चौकोन आधी शोधा आणि बदला. पायरी-पायरीचे शंकरपाळे, नागमोडी पट्टे सहज बसतात. मोर फार तडजोड मागतो, तो पहिल्या कामाला घेऊ नका. आणि चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते तसं हे कापड नाही, याच्या पाठीवर नुसते आडवे पट्टे दिसतात. अभ्र्याला चालतं, अंथरायला नाही.

टाकासुई

खूप आभार. पाच पदरी पिळून नमुना केला, २० टाके टिकले. आता पेडाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं दिसतात. सुई लहान करू का?

गड्ड्यावरची

सुई नको बदलू, केबल आवळेल. भोक फक्त पेडाच्या ओळीत आणि अगदी बारीक असेल तर ते राहणारच, तिरका खांब शेजारच्या टाक्याला ओढतो. मोठं असेल तर दोन गोष्टी बघा. पहिली, दुहेरी खांबाचा पहिला फास पुरता वर, चालू ओळीच्या उंचीपर्यंत आला का. तो तोकडा राहिला की पुढचे फास त्याला खेचतात. दुसरी, केबलनंतरचा सिंगल बरोबर टाक्यात पडला का. केबलमागचे चारच टाके सोडायचेत. एक कमी सोडून तो पुढे कुठेतरी गाळला, तर मोजणी २० च येते पण भोक पडतं. ३ऱ्या ओळीत केबलच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टाक्याला रंगीत दोऱ्याची खूण बांधा, दर चार ओळींनी ती वर सरकवत न्या.

अभ्र्याच्या आत केबलच्याच रंगाचं सुती अस्तर लावलं तर उरलेली भोकं दिसतही नाहीत. अस्तराचं कापड मात्र आधी धुऊन घ्या.