माल्टाचा खरा स्वातंत्र्यदिन कोणता : २१ सप्टेंबर १९६४ की ३१ मार्च १९७९?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

सिसिलीच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात वसलेला माल्टा क्षेत्रफळाने अवघा ३१६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडासाच मोठा. या देशाला पाच राष्ट्रीय दिन आहेत. १९१९ च्या ७ जूनला ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडून चौघांचा बळी घेतला, तो एक. १५६५ साली तुर्की वेढा उठल्याची आठवण म्हणून पाळला जाणारा ८ सप्टेंबर हा दुसरा. उरलेले तीन दिवस मात्र एकाच प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे आहेत : स्वातंत्र्याचा २१ सप्टेंबर १९६४, प्रजासत्ताकाचा १३ डिसेंबर १९७४ आणि शेवटचे ब्रिटिश सैन्य बेट सोडून गेले तो ३१ मार्च १९७९. पहिल्याचे श्रेय नॅशनलिस्ट पक्षाचे जॉर्ज बोर्ग ऑलिव्हियर यांना जाते आणि शेवटच्या दोहोंचे लेबर पक्षाचे डॉम मिंटॉफ यांना. मिंटॉफ यांच्या कारकिर्दीत ३१ मार्चला मान मिळाला आणि २१ सप्टेंबर मागे सारला गेला. सत्ताबदलानंतर, १९८९ मध्ये, पाचही दिवसांना राष्ट्रीय दिन ठरवून हा वाद मिटवण्यात आला. माझ्या मते तो मिटला नाही, नुसता वाटून घेतला गेला.

माझे मत स्पष्ट आहे. २१ सप्टेंबर १९६४ हाच माल्टाचा स्वातंत्र्यदिन आहे आणि बाकीचे दोन दिवस त्याच्या पोटातून जन्मलेले आहेत. त्या दिवशी राणी एलिझाबेथ राष्ट्रप्रमुख राहिली, ब्रिटिश गव्हर्नर-जनरल राहिला, नाविक तळही राहिला, हे सर्व खरे आहे. परंतु १५ ऑगस्ट १९४७ नंतर आपल्याकडेही अडीच वर्षे राजा सहावा जॉर्जच राष्ट्रप्रमुख होता आणि गव्हर्नर-जनरल म्हणून सुरुवातीला लॉर्ड माउंटबॅटनच बसले होते. (हेच माउंटबॅटन पुढे १९५३ मध्ये माल्टातील नाटोच्या भूमध्य नौदल मुख्यालयाचे पहिले प्रमुख झाले.) म्हणून आपण १५ ऑगस्टला अपुरे स्वातंत्र्य म्हणत नाही. कायदा करण्याचा आणि करार मोडण्याचा अधिकार कोणत्या दिवशी हाती आला, हे पाहावे लागते.

कातळशिल्प

आपली भारताशी तुलना ऐकायला ठीक वाटते, पण ती नेमक्या महत्त्वाच्या ठिकाणी तुटते. शेवटची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियातून संचलन करीत बोटीवर चढली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सहा-सात महिन्यांत. माल्टात तेच घडायला पंधरा वर्षे जावी लागली. १९६४ च्या स्वातंत्र्यासोबतच ब्रिटनशी दहा वर्षांचा संरक्षण करार झाला होता. त्यानुसार ब्रिटनने दहा वर्षांत ५ कोटी पौंड द्यायचे होते आणि त्या बदल्यात बेटावर सैन्य ठेवण्याचा व बंदर वापरण्याचा हक्क त्याच्याकडे राहणार होता. गव्हर्नर-जनरल मॉरिस डॉर्मन हे तर स्वातंत्र्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच बेटाचे गव्हर्नर होते, आणि ते १९७१ पर्यंत पदावर राहिले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारताचे पोट ब्रिटिश छावण्यांवर भरत नव्हते, माल्टाचे भरत होते. या देशात गोदी म्हणजे निव्वळ एक कारखाना नव्हता. ग्रँड हार्बरच्या काठावरील बिर्गू, सेंगलिया आणि बोर्मला या तीन गावांचे सगळे जगणे गोदीच्या भोंग्यावर चाले. लंडनने नौदलात कपात केली की राजधानी व्हॅलेटात बेकारी वाढे. ज्याची रोजीरोटी दुसऱ्या देशाच्या संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकावर टांगलेली आहे, त्याच्या हाती घटना दिली म्हणून तो स्वतंत्र झाला, असे मला म्हणवत नाही.

१९७१ मध्ये मिंटॉफ केवळ एका जागेच्या बहुमताने निवडून आले आणि आल्याबरोबर त्यांनी डॉर्मन यांना परत पाठवून अँथनी मामो या माल्टी न्यायाधीशांना गव्हर्नर-जनरल नेमले, नाटोचे नौदल मुख्यालय हलवायला लावले आणि संरक्षण करार नव्याने करायला भाग पाडले. मार्च १९७२ च्या नव्या करारात भाडे वर्षाला १ कोटी ४० लाख पौंड ठरले, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्याहून मोलाचे म्हणजे सैन्य जाण्याची तारीख कागदावर आली. ती सात वर्षे पर्यायी उद्योग उभे करण्यासाठी होती. भाडेकरू गेल्यावरही घर उभे राहिले, तो दिवस ३१ मार्च १९७९.

दर्यावर्दी

आपणच भाडेकरूचे उदाहरण दिले, म्हणून विचारतो : भाडे वाढवून मागण्याचा हक्क कोणाला असतो? १९७१ चे मिंटॉफ सार्वभौम देशाचे पंतप्रधान होते म्हणूनच लंडनला त्यांच्याशी बोलणी करावी लागली. याच मिंटॉफ यांनी एप्रिल १९५८ मध्ये गोदीतील नोकऱ्यांच्या प्रश्नावर राजीनामा दिला, तेव्हा काय झाले? दंगली झाल्या, आणीबाणी आली, पुढच्या वर्षी घटनाच रद्द झाली आणि गव्हर्नरने थेट कारभार हाती घेतला. माणूस तोच होता, त्याची जिद्दही तीच होती. या दोन प्रसंगांच्या मध्ये १९६४ उभे आहे.

शिवाय स्वातंत्र्याची मागणी मुळात कोणी लावून धरली, हेही विसरता कामा नये. फेब्रुवारी १९५६ मध्ये मिंटॉफ यांनी सार्वमत घेतले ते ब्रिटनमध्ये विलीन होण्यासाठी. माल्टाचे तीन प्रतिनिधी ब्रिटिश संसदेत बसवावेत, असा तो प्रस्ताव होता. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७७ टक्के लोकांनी होकार दिला, पण नॅशनलिस्ट पक्षाच्या बहिष्कारामुळे मतदान ५९ टक्क्यांच्या आसपासच राहिले, म्हणजे एकूण मतदारांपैकी निम्म्यांचाही होकार नव्हता. त्या वेळी वेगळ्या राष्ट्राची बाजू बोर्ग ऑलिव्हियर यांनी सांभाळली. त्यांचा स्वभाव संथ, त्यांच्याजवळ गर्जना नव्हत्या, म्हणून इतिहासात त्यांच्या वाट्याला कमी जागा येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कातळशिल्प

विलीनीकरणाची मागणी लाचारीची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात या बेटाने बाँबवर्षाव झेलला, उपासमार सोसली आणि एप्रिल १९४२ मध्ये अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. एवढे सोसलेल्या माणसांनी 'आम्हाला ब्रिटिश नागरिकाइतकाच पगार आणि तेवढ्याच सवलती द्या' असे म्हटले तर ते समतेचे मागणे होते. मागे सरले ते ब्रिटन. इजिप्तमधील सुवेझ कालव्यावरच्या लष्करी मोहिमेच्या अपयशानंतर १९५७ मध्ये लंडनने सैन्यकपातीचे धोरण स्वीकारले आणि माल्टाची गरजच घटू लागली. मिंटॉफ विलीनीकरणाकडून स्वातंत्र्याकडे वळले ते या अनुभवातून.

उंबरठा

दोघेही लंडनकडे पाहत आहात. त्या काळच्या सामान्य माल्टी मतदारावर ब्रिटिश गव्हर्नरपेक्षा अधिक सत्ता चालत होती ती आर्चबिशप मायकल गॉन्झी यांची, आणि तिचा उल्लेख अजून आलेला नाही.

एप्रिल १९६१ मध्ये चर्चने लेबर पक्षाच्या कार्यकारिणीला धर्मसंस्कारांपासून वंचित केले. पक्षाचे वृत्तपत्र वाचणे, विकणे, त्यात जाहिरात देणे हे महापाप ठरले आणि १९६२ च्या निवडणुकीत लेबरला मत देणेही. पक्षाच्या सभा सुरू झाल्या की जवळच्या चर्चच्या घंटा वाजू लागत. सप्टेंबर १९६१ मध्ये पक्षाचे उपनेते आणि लेखक जुझे एल्लुल मेर्सेर वारले, तेव्हा त्यांना मुख्य दफनभूमीच्या अपवित्र मानलेल्या कोपऱ्यात पुरण्यात आले. लोक त्या कोपऱ्याला 'मिझब्ला' म्हणत, म्हणजे उकिरडा. ज्या समाजात प्रत्येक गावाचे जीवन चर्चच्या उंबऱ्यावर सुरू होऊन तिथेच संपत होते, त्या समाजात या शिक्षेचा अर्थ काय होत असेल, याची कल्पना आपल्याकडे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वाळीत टाकले जाण्याचे दिवस पाहिले आहेत त्यांना सहज येईल.

१९६२ ची निवडणूक अशा दडपणाखाली झाली, तिच्यातून निवडून आलेल्या सरकारने स्वातंत्र्याची घटना लंडनशी ठरवली, आणि मे १९६४ च्या सार्वमतात त्या घटनेला वैध मतांपैकी सुमारे ५४.५ टक्के पाठिंबा मिळाला. लेबरचा विरोध स्वातंत्र्याला नव्हता, या घटनेला होता, कारण चर्चच्या विशेष स्थानाला तिने हात लावला नव्हता. चर्च आणि लेबर यांच्यात समेट झाला तो एप्रिल १९६९ मध्ये. कबुलीजबाबाच्या खिडकीशी 'मत कोणाला दिले' हे विचारले जात नाही अशी पहिली निवडणूक १९७१ ची. मला तारीख निवडायला सांगितली, तर मी ती निवडेन, आणि तिला तर राष्ट्रीय सुटीही नाही.

पारिजात

उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून अस्वस्थ झालो, कारण तो खरा आहे. पण मग दुसरी बाजूही पूर्ण मांडू या. ३१ मार्च १९७९ ला 'स्वातंत्र्य' म्हणणाऱ्या सरकारने पुढच्या आठ वर्षांत काय केले? डिसेंबर १९८१ च्या निवडणुकीत नॅशनलिस्ट पक्षाला ५०.९ टक्के मते मिळाली, तरी मतदारसंघांच्या आखणीमुळे लेबरला ३४ आणि नॅशनलिस्टांना ३१ जागा मिळाल्या. मिंटॉफ यांनी सत्ता सोडली नाही. विरोधकांनी संसदेवर बहिष्कार टाकला, रस्त्यावर हाणामाऱ्या सुरू झाल्या, चर्चच्या शाळांवरून संघर्ष पेटला, आणि डिसेंबर १९८६ मध्ये नॅशनलिस्ट पक्षाच्या एका क्लबवर झालेल्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला.

१९८७ मध्ये दोन्ही पक्ष एकत्र आले आणि घटनादुरुस्ती झाली. निम्म्याहून अधिक मते मिळवणाऱ्या पक्षाला जागा कमी पडल्या तर वाढीव जागा देऊन बहुमत द्यायचे, हे नॅशनलिस्टांना मिळाले. देशाची अलिप्तता घटनेत लिहिली जावी, ही लेबरची इच्छा पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुन्हा ३१ विरुद्ध ३४ असाच निकाल लागला, पण या वेळी चार जागा वाढवून एडी फेनेक आदामी यांचे सरकार आले आणि सत्तांतर शांतपणे पार पडले.

दर्यावर्दी

उंबरठा यांच्या मुद्द्यापुढे मला माझे विधान थोडे आवरते घ्यावे लागेल. १९६४ च्या घटनेमागे सर्व माल्टी मतदारांची मोकळी संमती होती, असे मला यापुढे म्हणता येणार नाही. मात्र १९७१ चा निकाल आणि १९८७ ची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी १९६४ च्याच घटनेच्या चौकटीत घडल्या. १९७४ चे प्रजासत्ताकसुद्धा तीच घटना दुरुस्त करून आले, आणि बोर्ग ऑलिव्हियर व त्यांचे मोजके सहकारी विरोधात गेले तरी त्यांच्याच पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांनी सरकारसोबत मत दिले.

३१ मार्चविषयी माझी एक शंका मात्र कायम आहे. त्या दिवशीच्या सोहळ्याला लिबियाचे कर्नल गद्दाफी खास पाहुणे म्हणून हजर होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८० मध्ये, माल्टाच्या वतीने समुद्रात तेलासाठी खोदकाम करणारे जहाज लिबियाच्या युद्धनौकांनी अडवले. तेव्हा मिंटॉफ यांना इटलीकडे वळावे लागले आणि महिनाभरात अलिप्ततेच्या हमीचा करार करावा लागला. तळ गेला तरी लहान देशाला आधार शोधावाच लागला, मग १९६४ चा करारच तेवढा पारतंत्र्याचा कसा ठरतो?

कातळशिल्प

फरक एवढाच की १९८० मध्ये आधार कोणाचा घ्यायचा हे माल्टाने ठरवले आणि इटलीचे सैन्य ग्रँड हार्बरमध्ये येऊन बसले नाही.

आपला धागा वाचताना मला १८७८ ची गोष्ट आठवत होती. रशियाला धाक दाखवण्यासाठी ब्रिटनने मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टाला पाठवले होते. ना त्या सैनिकांना कोणी विचारले, ना माल्टाच्या लोकांना. तळ म्हणजे काय, हे मला त्या प्रसंगातून कळते : आपल्या अंगणात कोण उतरणार, हे आपल्याला न विचारता ठरणे. १९६४ नंतरही ते तसेच ठरत होते, निदान १९७१ पर्यंत. बिर्गूच्या धक्क्यावर ३१ मार्चचे स्मारक आहे, त्यात एक माल्टी कामगार निघालेल्या ब्रिटिश खलाशाशी हस्तांदोलन करतो आहे. त्या शिल्पात राग नाही, आणि तरीही खलाशी निघालेला आहे. फ्लोरियानातील १९६४ च्या स्मारकापुढे मी आदराने उभा राहीन, पण सुटीचा एकच दिवस ठेवायचा झाला तर माझे मत बिर्गूला.