रोजचा रिपोर्ट आपोआप मेल करणे : मॅक्रोपेक्षा शीट बरी

वर म्हापशाच्या हॉटेलवाल्या ताईंनी विचारलंय की रोज सकाळी ऑक्युपन्सी (किती खोल्या भरल्या) आणि कलेक्शनचा एक्सेल रिपोर्ट मालकाला आपोआप कसा जाईल, आणि त्यावर मॅक्रो (एक्सेलमधला छोटा प्रोग्रॅम) लिहून टास्क शेड्युलरला, म्हणजे विंडोजमधल्या ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीला, लावा असं उत्तर आलंय. चालेल की, पण त्याला रिसेप्शनचा पीसी चालू पाहिजे, आणि आपल्याकडे जून-जुलैत लाईटीचा काय भरवसा, पहाटे गेली की रिपोर्ट राहिला आणि पात्रांवाचा (मालकाचा) फोन आलाच म्हणून समजा.

त्यापेक्षा डेटा गूगल शीटमध्येच भरा. शीटच्या एक्स्टेन्शन्स मेनूमध्ये अ‍ॅप्स स्क्रिप्ट आहे, तिथे कोडच्या दहा-पंधरा ओळींत काम होतं आणि ते गूगलच्या सर्व्हरवर चालतं, तुमचा पीसी बंद असला तरी फरक नाही. टाईम ट्रिगर (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) रोजचा लावा, फक्त तो सहा ते सात असा तासाचा स्लॉट घेतो, बरोब्बर सहालाच मेल हवा हा हट्ट सोडा. टाईमझोन कोलकाता आहे ना तेही सेटिंगमध्ये बघून घ्या. साध्या जीमेलला दिवसाला १०० रिसिपियंटची लिमिट आहे, मेलची नाही हं, एक मेल पाच जणांना गेला की पाच मोजतात, पण तुम्हाला भरपूर झाली.

खरी गोची वेगळीच, नाईट शिफ्टवाल्याने एन्ट्रीच केली नाही तर कालचेच आकडे परत जातात. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी आजच्या तारखेची ओळ भरलीय का तपासा, नसेल तर मालकाला न पाठवता रिसेप्शनलाच आठवणीचा मेल जाऊदे.

आणि ट्रिगर हॉटेलच्या अकाउंटवरून लावा, एखाद्या स्टाफच्या नको, तो ज्याने लावला त्याच्याच नावाने चालतो.