वन पॅन पास्ता: तुमचं पाणी किती, तुमची वेळ किती?

घरी पोचायला साडेसात होतात. पर्स खाली ठेवायच्या आत धाकट्याचं "आई, भूक" सुरू झालेलं असतं. आठवड्यातून एखाद्या अशा दिवशी मी पास्ता करते, आणि तोही एकाच पॅनमध्ये. कोरडा पास्ता, टोमॅटो, कांदा, लसूण, तेल, मीठ, पाणी, सगळं एकदम चढवायचं. पाणी आटत येतं तसा सॉस आपोआप तयार होतो. वेगळं उकडणं नाही, गाळणं नाही, सिंकमध्ये दुसरं पातेलं नाही.

माझं माप ३४० ग्रॅम लिंग्विनी (लांब, चपट्या काड्यांचा पास्ता), साधारण तितकेच चेरी टोमॅटो आणि एक लिटरच्या किंचित वर पाणी. अमेरिकेतल्या पाककृती-लेखिका मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकात २०१३ साली आलेल्या ज्या कृतीमुळे ही पद्धत घरोघरी पोचली, तिच्यात हेच माप आहे. मोठ्या आचेवर उकळी फुटल्यापासून नऊ मिनिटं. तरीही दर वेळी जमतंच असं नाही. परवा निम्म्या पास्त्याचा गठ्ठा झाला आणि उरलेला दाताखाली कचकचला. मुलांनी खाल्ला, पण मला वाईट वाटलं.

म्हणून हा धागा काढतेय. तुमच्याकडे काय बिघडलं, मग तुम्ही काय बदललंत, ते लिहा. मापं जरूर द्या.

*

मी एकटा राहतो, त्यामुळे माझा पास्ता १०० ग्रॅम. सुरुवातीला सरळ त्रैराशिक मांडलं: ३४० ग्रॅमला लिटरभर, म्हणजे १०० ला ३०० मिली. सहाव्या मिनिटाला पॅन कोरडं आणि लसूण काळा. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मग लक्षात आलं की पास्ता जे पाणी पितो ते त्याच्या वजनाच्या हिशोबात असतं, पण वाफ होऊन जाणारं पाणी पास्ता किती आहे हे बघत नाही. ते पॅन किती रुंद आणि आच किती मोठी यावर जातं. माझं पॅन तेच, आच तीच, म्हणजे वाफही जवळजवळ तेवढीच. आता १०० ग्रॅमला ४५० मिली घेतो आणि लहान पॅन वापरतो. शेजारी किटलीत गरम पाणी तयार असतं, कमी पडलं तर पाव कप ओततो. गार पाणी ओतलं की उकळी बसते आणि पास्ता नुसता भिजत राहतो.

ज्यांना चारच्या ऐवजी आठ जणांसाठी करायचंय त्यांना हेच उलट लागू. त्याच पॅनमध्ये दुप्पट पास्त्याला दुप्पट पाणी घातलंत तर शेवटी सूप उरेल.

*

गठ्ठ्याबद्दल. पहिली दोन मिनिटं पॅनजवळून हलू नका, एवढंच. पाणी तापलं की पास्त्याच्या अंगावरचा स्टार्च चिकट होतो आणि काड्या एकमेकींना धरतात. मी चिमट्याने उचलून उचलून सोडवते. तिसऱ्या मिनिटापासून अधूनमधून हलवलं तरी पुरतं.

*

मुलगी माझ्याकडे असते त्या दिवसांत स्वयंपाक माझाच. ती नऊ वर्षांची आहे आणि भाजी मऊ झाली की ताटात बाजूला सारते. पूर्वी मी ब्रोकोली, मटार, पालक सगळं पास्त्याबरोबरच टाकायचो. पास्ता शिजेपर्यंत ब्रोकोलीचे तुरे विरघळून पाणी खाकी व्हायचं, आणि ती काही न बोलता टोमॅटो तेवढे वेचून खायची. ते बघणं मला फार जड जायचं.

आता आम्ही दोघं घड्याळ लावतो. शेवटची चार मिनिटं उरली की ती तुरे सोडते, दोन मिनिटं उरली की फ्रोझन मटार. पालक तर गॅस बंद केल्यावर. तो वाफेवरच बसतो. चिकन घालायचं असेल तर लहान तुकडे आधी त्याच पॅनमध्ये परतून काढून ठेवतो, मग कांदा, मग पाणी. पॅनच्या तळाला चिकनचा जो तपकिरी थर धरलेला असतो तो पाणी पडताच सुटतो, आणि अख्ख्या सॉसला त्याची चव येते. चिकन परतण्यात गेलेली चार मिनिटं वाया जात नाहीत, खात्रीने सांगतो.

आणि चीज गॅस बंद करून, मिनिटभर थांबून. उकळत्यात टाकलं तर त्याचे रबरासारखे गोळे होतात.

*

थोडं वेगळं मत मांडते. नुसत्या लसूण-तेलाचा पास्ता मी अजूनही वेगळा उकडते. त्यात पास्त्याचा दाणा दाताला जाणवायला हवा, आणि एका पॅनमध्ये ती वेळ नेमकी पकडणं कठीण जातं. पण टोमॅटोचा असेल तर एकच पॅन. जो स्टार्च एरवी गाळलेल्या पाण्याबरोबर सिंकमध्ये जातो तोच इथे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो, म्हणून सॉस काडीला लपेटून बसतो.

याला इटालियन पद्धत नाही म्हणणाऱ्यांसाठी: बारी शहरातला 'स्पॅगेटी आल्लासास्सिना' असाच करतात. कोरडी स्पॅगेटी थेट लोखंडी पॅनमध्ये, वरून टोमॅटोचं पातळ पाणी पळीपळीने, आणि शेवटी काड्या मुद्दाम करपू देतात.

*

मिठाचं सांगते. उकडताना चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालायची सवय होती. एका पॅनमध्ये हात तसाच गेला आणि सगळं टाकून द्यावं लागलं. इथे पाणी फेकत नाही, मीठही कुठे जात नाही. आता ३४० ग्रॅमला एक सपाट छोटा चमचा, बाकी चव घेऊन, कारण चीजमध्येही मीठ असतं.

डाळींच्या पिठाचा पास्ता माझ्याकडे एका पॅनमध्ये कधीच जमला नाही. फेस उतू जातो आणि तुकडे पडतात. ताज्या पास्त्यालाही ही रीत नको, तो दोन-तीन मिनिटांत शिजतो आणि टोमॅटो तोवर कच्चेच राहतात.

*

आमच्या घरी सासूबाईंचे दात गेलेत. त्यांना पास्ता आवडतो, पण मऊ हवा. मुलांना तसा चालत नाही. बरेच महिने मी दोन वेळा करत होते. आता नवव्या मिनिटाला मुलांचा वाढून घेते, उरलेल्यात पाव कप गरम पाणी घालून झाकण ठेवते, अजून चार मिनिटं. दूध घालायचं तर याच वेळी. सुरुवातीपासून घातलं तर ते तळाला लागतं आणि करपल्याचा वास पूर्ण पॅनला येतो.

*

धागा काढणारीच लिहितेय. आज केला. दोन मिनिटं चिमटा हातातून सोडला नाही, किटली शेजारी होती, सातव्या मिनिटाला पाव कप लागलं. एकही काडी चिकटली नाही. शेवटी पॅनमध्ये चमचा फिरवला तर तळ क्षणभर दिसला आणि सॉस सावकाश परत आला. धाकट्याने दोनदा घेतला. थोडा उरलाय, उद्या डब्यात द्यायचाय. गरम करताना कोरडा होतो, काय करता?

*

लगेच डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी दोन-तीन चमचे पाणी शिंपडून, मंद आचेवर, झाकण ठेवून.