साइटवरची सेफ्टी तुम्ही कशावरून ओळखता? अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आमच्या साइटला सेफ्टी ऑडिटमध्ये उत्तम गुण मिळाले. कामगारांच्या सुरक्षा-व्यवस्थेसाठीचं आयएसओ 45001 सर्टिफिकेट ऑफिसच्या भिंतीवर आहेच. तिसऱ्या दिवशी परांचीची फळी निसटून एक बिगारी पडला. खाली जाळी होती म्हणून वाचला. फळ्या बांधल्यात का, हे वर चढून कुणीच पाहिलं नव्हतं. तुम्ही काय बघता?

सेफ्टी ऑफिसर, पुणे
मी आधी 'निअर मिस'चं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं रजिस्टर मागतो. एका साइटवर सहाशे माणसं, बावीस मजले आणि वर्षभरात नोंदी दोन! पोटात गोळाच आला. मुकादमाला टपरीवर गाठलं. म्हणाला, "साहेब, लिहिलं की आमच्याच बिलातून दंड कापतात. कोण लिहील?" भांडून तो दंड बंद करायला लावला. पुढच्या महिन्यात 31 नोंदी आल्या. हेड ऑफिसला वाटलं, साइट बिघडली! त्यातल्या नऊ नोंदी एकच गोष्ट सांगत होत्या: लिफ्टच्या डक्टचं (लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीचं) बॅरिकेड माल घ्यायला काढतात, परत लावत नाहीत. हॉइस्टचा (माल वर नेणाऱ्या यंत्राचा) माल नेमका डक्टसमोर उतरत होता. उतरवायची जागा बदलली, बॅरिकेडला हात लागणं थांबलं.

सिव्हिल इंजिनिअर, नागपूर
हार्नेस (अंगावरचा सुरक्षा-पट्टा) घातलाय का हे विचारूच नका, हूक कुठे अडकवलाय ते बघा. आमच्याकडे सगळ्यांना नवे कोरे हार्नेस दिले, पण हूक अडकवायची लाइफलाइन, म्हणजे पक्क्या आधाराला बांधलेली दोरीच ओढलेली नव्हती. पोरं परांचीच्या आडव्या पाइपाला हूक लावायची. परांची कोसळली तर माणूस तिच्यासोबतच जाणार. मला अजून हार्नेसची ती पिवळी पट्टी डोळ्यांसमोर दिसते.

बिलिंग इंजिनिअर, ठाणे
बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याने (तो 2025 पर्यंत लागू होता) 500 किंवा जास्त कामगार असले की सेफ्टी कमिटी लागायची, तीत कामगारांचे प्रतिनिधीही असावे लागायचे. आमच्या कमिटीच्या इतिवृत्तावर एका गवंड्याची सही होती. त्याला विचारलं तर म्हणाला, "कसली कमिटी? हजेरीची सही म्हणून घेतली."

साइट सुपरवायझर, कोल्हापूर
ड्रेनेजचा चर, रात्री पाऊस झालेला. दीड मीटरच्या वर खोली गेली की शोअरिंग (चराच्या भिंतींना आधार) लागतं, ते होतं. चेकलिस्टवर खूणही होती. पण उपसलेली ओली माती अगदी काठावर रचलेली आणि खाली चौघं पाइप बसवत होते. आधी माणसं वर घेतली, मग जेसीबीने माती मागे ओढली. अर्धा दिवस गेला. ठेकेदार अजून माझ्याशी बोलत नाही.